उलट्या वाऱ्याची डहाळी

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी एक उसासा टाकतात. 'एके काळी मी किती उपयोगी होते' असं म्हणतात आणि डोळे पुसतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी कापडावर नक्षी छापायचा लाकडी ठसा आहे आणि मला राग आलेला आहे. आजचा नाही, चांगला पंचावन्न वर्षं मुरलेला राग. थोडा कारखान्याच्या साहेबांवर आहे, थोडा त्यांच्या कचेरीतल्या एका चौकटीवर आहे, आणि खोटं कशाला बोलू, थोडा टाचणीबाईंवरही आहे. सगळ्यांची ओळख करून देतो, नीट बसा.

आधी माझी. वीतभर लांब, वीतभर रुंद, शिसवी लाकडाचा मी. पाठीवर धरायला मूठ, पोटावर कोरलेली नक्षी. पोट रंगात टेकवायचं, कापडावर ठेवायचं आणि मुठीवर एक बुक्की मारायची. धप्प! उचललं की कापडावर नक्षी. आता यात एक मेख आहे. माझ्या पोटावर जे उजवीकडे असतं ते कापडावर डावीकडे उमटतं, आरशात होतं तसंच. म्हणून ठसा कोरताना चित्र मुद्दाम उलटं कोरतात, म्हणजे कापडावर ते सुलटं येतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा जन्म कापड कारखान्याच्या मागच्या खोलीत झाला. खोलीला एक उंच खिडकी, खिडकीखाली बाक, बाकावर ओळीनं मांडलेल्या पटाश्या आणि जमिनीवर घोटा बुडेल एवढा भुसा. त्या बाकावर बसून ठसे कोरायचे त्यांना सगळे पटाशीकाका म्हणत. भुवया पांढऱ्या, हात मात्र तरण्या माणसाचे. तोंडात सदा कुठलं तरी गाणं, आणि शब्द एकाचेही धड नाहीत. त्यांना एकच मुलगी होती, शाळेत जाणारी. 'पोर शिकली की मी सुटलो' हे वाक्य माझ्या अंगावरून हात फिरवताना त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही.

वरच्या मजल्यावर नक्षीखातं होतं. तिथे सात पुरुष आणि एक बाई. बाईंना टाचणीबाई म्हणत, कारण कागद बसवायच्या टाचण्या त्या ओठांत धरायच्या आणि तशाच बोलायच्या. वय पंचविशीचं, अंगानं किडकिडीत, जीभ तिखट. त्यांना कामावर घेतलं होतं ते नकला करायला. दूरदेशच्या कापडांच्या नमुन्यांच्या वह्या यायच्या. त्यांतली फुलं उचलायची, थोडी जाड नाहीतर थोडी बारीक करायची आणि छापायला द्यायची. आठ जणांचं खातं आणि आठही जण दुसऱ्याचीच फुलं काढतायत! कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. टाचणीबाईंना वाटायचं.

एक दिवस त्या तणतणत खाली आल्या. मी तेव्हा बाकावर कोरा पडलेलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"काका, मी खातेप्रमुखांना म्हटलं, आपल्या खिडकीबाहेर एवढं झाड आहे, त्याच्याकडे कोणी बघितलंय का? तर म्हणतात कसे, लोक कापड घेतात, झाड नाही घेत!"

"मग?"

"मग काय? काढलंय मी. करायचं ते करा म्हणावं."

त्यांनी झाड काढलं नव्हतं, झाडाची एक डहाळी काढली होती. वाऱ्यानं उजवीकडे वाकलेली बारीक काडी आणि तिला पाच पानं. त्यातलं शेवटचं पान सुटायच्या बेतात. बस्स, एवढंच. त्या काळी कापडावर मुंगीला पाय ठेवायला जागा नसायची, इतकी गच्च नक्षी असायची. आणि या बाई पाच पानांवर थांबल्या! खातेप्रमुखांनी 'करून बघा एक ठसा' म्हणून परवानगी दिली. कागद नीट बघितलासुद्धा नाही त्यांनी. बाईंची भुणभुण थांबावी एवढाच हेतू.

कागदावरचं चित्र लाकडावर उतरवतात कसं, ते आता सांगतो. कागद पातळ असतो, दोन्ही बाजूंनी चित्र दिसतं. चित्राच्या रेघांवरून सुईनं बारीक भोकं टोचत जायचं. टोचलेल्या कागदाला म्हणतात खाका. तो लाकडावर ठेवायचा आणि निळीची पुरचुंडी वरून थापायची. भोकांतून निळीचे ठिपके लाकडावर पडतात, त्यांच्यावरून कोरायचं. ठसा उलटा हवा, म्हणून खाका पालथा ठेवायचा. तो पालथा आहे हे कळावं म्हणून वरच्या खात्यातले लोक कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं एक फुली मारायचे. फुली वर दिसली की थापा नीळ. वीस वर्षं पटाशीकाका हेच करत आले होते.

त्या दिवशी त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि ठेवला माझ्यावर. फुली खाली, माझ्या अंगाला चिकटलेली! काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. ही गोष्ट त्यांनी घरीसुद्धा सांगितली नव्हती. ज्याचं पोट डोळ्यांवर चालतं, तो डोळे गेल्याची दवंडी पिटेल होय? निळीचे ठळक ठिपके त्यांना दिसायचे, पुढचं काम बोटांनी व्हायचं. पेन्सिलीची फिकट फुली दिसायची नाही. अंदाजानं ठेवला कागद आणि थापली नीळ, सुलट्या बाजूनं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. काका गाणं गुणगुणत राहिले आणि अकरा दिवस जीव ओतून माझ्या अंगावर चूक कोरत राहिले.

पहिला छाप पडला तेव्हा छापखोलीत टाचणीबाई होत्या, काका होते, आणि नेमके त्याच वेळी कारखान्याचे मालक, म्हणजे साहेब, एका व्यापाऱ्याला घेऊन आत आले. धप्प! मला उचललं. कापडावरची डहाळी डावीकडे वाकली होती. बाईंनी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्या पोटावरून बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आठवडाभरापूर्वीच साहेबांनी एका छापणाऱ्याला कापडाच्या ठाणावर डाग पडला म्हणून उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं.

"ही उलटी का?" साहेब म्हणाले. "आपल्या सगळ्या नक्ष्या उजवीकडे जातात. कोणाची चूक आहे ही?"

काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात टाचणीबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"चूक कसली? मी असंच काढलंय."

"मूळ कागद दाखवा."

"निळीनं खराब झाला. फाडून टाकला."

दोन थापा, एका दमात. कागद तर त्यांच्या काखेतल्या वहीतच होता, घडीसुद्धा न पडलेला. साहेब आणखी काही विचारणार, तेवढ्यात व्यापारी कापडावर वाकला.

"थांबा हो साहेब. नजर अडतेय इथे माझी. बाकीच्या नक्ष्या नुसत्या पळत सुटतात, हिच्यापाशी माणूस थांबतो. पहिला माल मला द्या."

झालं! साहेबांच्या कपाळावरची आठी गेली आणि सगळे बाहेर पडले. काका बाकावर बसले ते उठेचनात.

"बाई, मी सांगून टाकतो साहेबांना. तुमच्यावर कशाला?"

"गप्प बसा. पोरीची शाळा सुरू आहे ना?"

"अहो, पण तुमचं चित्र बिघडवलं मी!"

"बिघडवलं नाही हो, सुधारलंत." बाई कापडाकडे बघत राहिल्या. "माझी डहाळी वाऱ्याबरोबर पळत होती. तुमची बघा, नडलीय वाऱ्याला. मला नसतं सुचलं हे. आता उद्या सुट्टी टाका आणि आधी डोळे दाखवून या. नाहीतर मीच चुगली करीन."

मला त्या क्षणी बाई फार आवडल्या. राग नंतर आला.

काकांचे डोळे नीट झाले, आणि डहाळीनं लोकांना वेड लावलं. पडद्यांवर डहाळी, उशांवर डहाळी, झग्यांवर डहाळी. दवाखान्याच्या खिडक्यांना ती, शाळेच्या दप्तरांना ती. नव्या नवरीच्या सामानात तिची चादर नसेल तर सासरची माणसं नाक मुरडायची. माझ्या कडा झिजल्या तेव्हा माझ्यावरून दुसरे ठसे कोरले, त्यांच्यावरून तिसरे. दुसऱ्या कारखान्यांनी तिची उचलेगिरी केली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कापडावर मोकळी जागा दिसायला लागली. टाचणीबाईंनी पुढे वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढले, मुंग्यांची रांग काढली, थेंब पडल्यावर पाण्यात उठणारी वर्तुळं काढली. जे रोज डोळ्यांसमोर असायचं आणि कोणी बघत नव्हतं, ते त्यांनी एका पिढीच्या अंगावर घातलं. तुमच्या आजीच्या जुन्या फोटोतला पडदा जरा निरखून बघा. डावीकडे वाकलेली काडी दिसली, तर ती माझी आहे.

आणि हे कोणी काढलं, असं किती जणांनी विचारलं असेल? वर्तमानपत्रवाले आले, त्यांना मूळ चित्राचा फोटो हवा होता. मूळ चित्र तर बाईंनी 'फाडलं' होतं. मग साहेबांनी कचेरीतल्या आरेखकाला बसवलं आणि छापलेल्या कापडावरून डहाळी कागदावर उतरवून घेतली. अर्थातच डावीकडे वाकलेली. तिला चौकट केली, काच घातली आणि आपल्या खुर्चीमागे टांगली. पुढे साहेब पाहुण्यांना छापखोलीत आणायचे आणि मी टेबलावर पडून त्यांची टकळी ऐकायचो. पहिल्या वर्षी म्हणाले, 'आमच्या खात्यानं काढलीय.' तिसऱ्या वर्षी म्हणाले, 'माझ्या देखरेखीखाली झाली.' दहाव्या वर्षी तर कहर! 'मी प्रवासात होतो,' असं म्हणाले, 'खिडकीतून एक डहाळी दिसली, आणि हातात पेन्सिल होती.' पेन्सिल! त्या माणसानं आयुष्यात सहीशिवाय काही काढलं नव्हतं.

त्या वेळी टाचणीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. ओठांत टाचण्या होत्या, त्या तशाच राहिल्या. बोला ना बाई! मी लाकडाच्या आत तडफडत होतो. कागद आणा आणि आपटा टेबलावर! पण कागद आणला असता तर तो उजवीकडे वाकलेला निघाला असता, आणि मग चूक कोणाची ते उघड झालं असतं. काका अजून त्याच बाकावर होते आणि त्यांची पोर आता कॉलेजात जात होती. बाई वळून जिना चढून गेल्या. सव्वीस वर्षं नोकरी केली त्यांनी, आणि निरोपाच्या दिवशी हातात ठेवलेल्या कागदावर हुद्दा होता, 'नक्कल विभाग'. म्हणून म्हणालो, माझा राग थोडा त्यांच्यावरही आहे. चांगुलपणालाही काही माप असावं की नाही?

मग यंत्रं आली आणि आमचे दिवस भरले. शेकडो ठसे होते आम्ही, घामाच्या हातांनी गुळगुळीत झालेले. आम्हांला टोपल्यांत भरून बॉयलरकडे नेलं. माझ्या शेजारची मुंग्यांची रांग माझ्यासमोर भट्टीत गेली. लाकूड चांगलं वाळलेलं आहे, असं भट्टीवाला म्हणाला. हेच काय ते आमच्या वाट्याचं कौतुक! पटाशीकाकांनी टोपलीत हात घातला, चाचपून मला ओळखलं आणि सदऱ्याखाली लपवून घरी आणलं.

घरी तरी सुख लागावं? काकूंनी मला चुलीवरून उतरवलेलं पातेलं ठेवायला घेतलं. माझ्या पोटाच्या कडेला अजून तो काळा चट्टा आहे.

"अगं, हळू!" काका ओरडायचे. "माझा सगळ्यांत शहाणा गाढवपणा आहे तो."

मग ते हसत हसत लेकीला फुलीची गोष्ट सांगायचे. खाका सुलटाच ठेवला, बाईंनी वेळ निभावून नेली, आणि चूकच जगभर गाजली. बाईंना त्यापायी काय सोसावं लागलं, ते मात्र त्यांनी लेकीला कधी सांगितलं नाही. बहुतेक सांगवलं नसेल. लेक शिकली, शाळेत शिक्षिका झाली. काका गेले. मी तिच्या टेबलावर वह्या दाबत बसलो.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं सांगितलं, तो दिवस. कारखाना कधीच बंद पडला होता. त्याच्या इमारतीत जुन्या कापडांचं प्रदर्शन भरणार होतं. ज्यांच्याकडे कारखान्यातली जुनी वस्तू असेल त्यांनी आणून द्यावी, अशी जाहिरात आली. शिक्षिकाबाईंनी मला पुसून पिशवीत घातलं आणि नेऊन दिलं. प्रदर्शनाच्या मॅडम तरुण, कामसू, चष्मेवाल्या. त्यांनी माझ्या मुठीला चिठ्ठी बांधली. 'क्रमांक १४. लाकडी ठसा.' समोरच्या भिंतीवर काय होतं? तीच ती चौकट! खाली पाटी, 'मूळ रेखाचित्र. साहेबांच्या हातचे.' मी टेबलावर पोट वर करून पडलो होतो आणि माझी नजर तिच्यावरून हलत नव्हती.

शिक्षिकाबाई कसल्याशा अर्जावर सही करत होत्या, तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. एक म्हातारी आत आली. ऐंशीची, किडकिडीत. ओठांत टाचण्या नव्हत्या, पण ओठ तसेच मिटलेले. मी ओळखलं.

"मॅडम तुम्हीच का?" त्या म्हणाल्या. "पेपरात या चौकटीचा फोटो बघितला. हे चित्र त्यांनी नाही काढलं. मी काढलंय. मी आजवर गप्प बसले, पण मरायच्या आधी एकदा तरी कोणीतरी माझं ऐकावं म्हणून आलेय."

त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली आणि वहीतून तो कागद. पिवळा पडला होता, पण घडी नव्हती पडलेली. मॅडमनी तो दोन्ही हातांनी उचलला, भिंतीवरच्या कापडाशेजारी धरला. मग चौकटीशेजारी धरला. त्यांचा चेहरा उतरला.

"आजी, रागावू नका हं. तुमची डहाळी उजवीकडे वाकलीय. कापडावरची डावीकडे आहे, चौकटीतलीही डावीकडे आहे. तुमचं चित्र उलटं आहे. नंतर कोणीतरी कापड बघून केलेली ही नक्कल असावी."

नक्कल! ज्या बाईनं नकला करायच्या नाहीत म्हणून ती डहाळी काढली, तिच्या तोंडावर नक्कल! आणि मी वीतभर अंतरावर पडलेलो. माझं पोट उघडं, माझी डहाळी उजवीकडे वाकलेली, त्या कागदावरच्यासारखी हुबेहूब. अहो, ठेवा की तो कागद माझ्यावर! एवढी शिकलेली मुलगी, मला चिठ्ठी बांधते, क्रमांक देते, आणि माझ्याकडे बघत नाही!

टाचणीबाईंनी मात्र बघितलं. त्यांचा हात माझ्यावर आला, बोटं पानांवरून फिरली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग त्यांनी मान वर केली.

"हा कोणी आणला?"

"मी," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "माझे बाबा इथे ठसे कोरायचे. पटाशीकाका म्हणायचे त्यांना."

आणि बाई पुन्हा गप्प! मला दिसलं सगळं. 'काकांनी खाका चुकीचा ठेवला', एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर काकांची लेक उभी, आणि गेलेल्या माणसाची चूक तिच्या देखत, चारचौघांत कशी सांगायची? पंचावन्न वर्षांनीही या बाईंचं तेच. त्यांनी कागद वहीत ठेवला.

"असेल हो माझीच चूक," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी आठवत नाही नीट." आणि काठी घेऊन वळल्या.

मी लाकूड आहे, पण त्या क्षणी मला तडा जायचा बाकी होता.

"बाई, थांबा!"

शिक्षिकाबाईंचा आवाज वर्गात घुमतो तसा घुमला. त्या कधी कागदाकडे बघत होत्या, कधी माझ्याकडे.

"टाचणीबाई ना तुम्ही? द्या तो कागद."

"राहू दे गं."

"द्या म्हणते ना!"

त्यांनी कागद घेतला आणि माझ्यावर पसरला. मित्रांनो, पंचावन्न वर्षांनी तो माझ्या अंगावर आला. सुईचं एकेक भोक माझ्या एकेका कडेवर येऊन बसलं. काडीवर काडी, पानावर पान, सुटायच्या बेतातल्या पानावर तेच पान.

"हे बघा मॅडम, ही भोकं. हा खाका आहे. यावरून ठसा कोरलाय. खरी रीत म्हणजे खाका पालथा ठेवायचा, मग नीळ कागदाच्या मागच्या बाजूला लागते. इथे नीळ कुठे आहे बघा. पुढून! माझ्या बाबांना फुली दिसली नाही. डोळे गेले होते त्यांचे. त्यांनी कागद सुलटाच ठेवला, म्हणून कापडावर उलटी उमटली. ही चूक माझ्या बाबांची आहे." मग त्यांनी चौकटीकडे बोट केलं. "आणि तुमच्या त्या मूळ चित्राला एक भोक दाखवा मला. खाका टोचल्याशिवाय ठसा कोरला कसा? हवेत?"

मॅडमनी चौकट उतरवली, कागद बाहेर काढून उजेडात धरला. कोरा करकरीत, एकही भोक नाही. माझ्यावरचा कागद उलटून बघितला, तर मागे पेन्सिलीची फुली. मॅडम खुर्चीत बसल्या.

"मी ठसा बघितलाच नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं, आजी."

शिक्षिकाबाई टाचणीबाईंजवळ गेल्या. "बाबा ही गोष्ट हसत सांगायचे. तुम्हांला ती इतकी महागात पडली, हे मला आज कळतंय. तुम्ही त्यांची चूक आयुष्यभर पदरात घेतलीत. माझी शाळा झाली ती त्यावर."

"चूक म्हणू नकोस गं," टाचणीबाई पुटपुटल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "माझ्यापेक्षा चांगली होती ती."

पुढचं थोडक्यात. साहेबांच्या नातवाचा फोन आला. 'निदान साहेबांच्या प्रेरणेनं, एवढं तरी लिहा,' असं त्याचं म्हणणं. मॅडमनी फोनवर 'बरं' म्हटलं आणि लिहिलं नाही. मॅडमवरचा माझा राग तिथे उतरला. तो कागद आता दोन काचांच्या मध्ये उभा आहे. पुढून बघा, डहाळी उजवीकडे. मागे जा, डावीकडे, आणि कोपऱ्यात फुली. शाळेची मुलं त्याच्याभोवती फेऱ्या मारतात. शेजारी मी आहे, चट्ट्यासकट.

साहेबांच्या चौकटीचं काय करायचं, असा प्रश्न आला तेव्हा माझं मत पक्कं होतं. तिथेच टांगा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नक्कल' लिहा! पण बाई म्हणाल्या, "काढून टाका. आणि तिथे दुसरं काही लावू नका. भिंत मोकळी दिसू दे." मी चिडलो. पण रोज त्या मोकळ्या भिंतीकडे बघतो आणि वाटतं, बाईंना जागा कुठे सोडायची ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पाटीवर काय लिहायचं ते मात्र त्यांनी सांगितलं आणि काना-मात्रा बदलू दिली नाही. प्रदर्शन उघडलं त्या दिवशी त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि शिक्षिकाबाईंना म्हणाल्या, "मला आता एवढं बारीक दिसत नाही. तू वाच. मोठ्यानं वाच."

शिक्षिकाबाईंनी वर्गातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. आधी टाचणीबाईंचं पूर्ण नाव, पुढे 'यांनी ही डहाळी काढली'. ते त्यांनी खणखणीत वाचलं. मग दुसरी ओळ आली. पटाशीकाकांचं पूर्ण नाव, पुढे 'यांनी तिला वाऱ्यासमोर उभं केलं'. ती वाचताना शिक्षिकाबाई मध्येच थांबल्या, आणि शेवटचे शब्द टाचणीबाईंनी न बघता पूर्ण केले.

तर मित्रांनो, माझा राग गेला का? मुळीच नाही. पटाशीकाका ती पाटी वाचायला नाहीत. बाईंना ती वाचता येत नाही. माझी भावंडं राख झाली, आणि त्यांच्यावरची चित्रं कोणाची होती ते आता कोणी सांगू शकत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि मी ते हात जोडून नाही, दटावून मागतोय. घरात एखादी जुनी चादर असेल, टोपली असेल, खुर्ची असेल, तर फेकण्याआधी ती पालथी करून बघा. आणि ती कोणी केली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. उद्या नको, आजच विचारा.